सायबर सुरक्षेची सुरुवात कोठून करावी? नवख्या वापरकर्त्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

सायबर सुरक्षेविषयीच्या सूचनांची आज कमतरता नाही. पासवर्ड बदला, अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी कोणाला सांगू नका, ही वाक्ये इतक्या वेळा कानांवर पडतात की त्यांची धारच बोथट होते. नवख्या माणसाची खरी अडचण वेगळी असते. वीस-पंचवीस सूचना एकदम समोर आल्या, तर त्यांतील कोणती आज पाळायची आणि कोणती पुढच्या महिन्यावर टाकली तरी चालेल, हे त्याला कोणी सांगत नाही. मग तो पैसे मोजून अँटीव्हायरस विकत घेतो, आणि ज्या ईमेल खात्यावर त्याचे सगळे व्यवहार टेकलेले असतात त्याचा पासवर्ड मात्र दहा वर्षांपूर्वीचाच राहतो. म्हणून या लेखात कामांचा क्रम नुकसानीच्या शक्यतेनुसार लावला आहे. पहिल्या तीन पायऱ्या पूर्ण झाल्या आणि पुढचे काही काळ राहून गेले, तरी धोक्याचा मोठा भाग टळलेला असेल.

आधी गुन्ह्याचे स्वरूप

सायबर गुन्ह्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्यात संगणक हेच लक्ष्य असते, म्हणजे यंत्रणेत घुसणे, माहिती चोरणे किंवा यंत्रणा बंद पाडणे. दुसऱ्यात संगणक हे केवळ साधन असते आणि गुन्हा जुनाच असतो, म्हणजे फसवणूक, खंडणी, बदनामी किंवा पाठलाग. कायद्यांतही साधारणपणे हीच विभागणी दिसते. युरोप परिषदेने २००१ मध्ये बुडापेस्ट येथे स्वाक्षरीसाठी खुला केलेला करार हा या विषयावरचा पहिला आंतरराष्ट्रीय करार असून त्यात अनधिकृत प्रवेशापासून संगणकाद्वारे केलेल्या फसवणुकीपर्यंतचे गुन्हे आहेत.

पहिल्या प्रकाराचे गाजलेले जुने उदाहरण २ नोव्हेंबर १९८८ चे आहे. रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला, स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्राम त्या वेळी इंटरनेटला जोडलेल्या सुमारे ६०,००० संगणकांपैकी अंदाजे ६,००० संगणकांत शिरला आणि ते मंदावून ठप्प झाले. त्याने सॉफ्टवेअरमधील उणिवांचा फायदा घेतलाच, पण सोबत वापरकर्त्यांचे सोपे पासवर्ड ओळखण्याचाही प्रयत्न केला, ही बाब आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या विषाणूने वेगळाच मार्ग धरला. प्रेमपत्र असल्याचे भासवणारी फाइल ईमेलसोबत येई आणि ती उघडताच पत्त्यांच्या वहीतील सर्वांना तसाच ईमेल जाई. म्हणजे तो ईमेल ओळखीच्या माणसाकडून आलेला असे, आणि म्हणूनच लोक तो उघडत. फिलिपिन्समध्ये तेव्हा या कृत्याला लागू पडेल असा कायदाच नसल्यामुळे संशयितावर खटला चालू शकला नाही.

या दोन घटनांत आजचे जवळजवळ सगळे सापडते. सामान्य माणसापर्यंत गुन्हेगार बहुधा तीन वाटांनी पोहोचतो. कोठून तरी फुटलेला किंवा सहज ओळखता येणारा पासवर्ड ही एक वाट, दुरुस्त न केलेले सॉफ्टवेअर ही दुसरी, आणि फसवून माणसाकडूनच दार उघडून घेणे ही तिसरी. तिसरी वाट सर्वांत रुंद आहे, परंतु सुरुवात पहिलीपासून करावी, कारण ती एका बैठकीत बंद करता येते, तर तिसरीसाठी सवय लागावी लागते.

पायरी पहिली: ईमेल खाते

कोणत्याही संकेतस्थळावर ‘पासवर्ड विसरलात?’ असे विचारणारी ओळ असते. ती दाबल्यावर नवा पासवर्ड ठरवण्याची लिंक बहुतेक वेळा आपल्या ईमेलवर येते. याचा सरळ अर्थ असा की ज्याच्या हाती आपले ईमेल खाते आहे, त्याला इतर खात्यांचे पासवर्ड माहीत असण्याची गरजच उरत नाही. तो एकेक खाते उघडून घेऊ शकतो आणि सूचनांचे ईमेल पुसूनही टाकू शकतो. खरेदीचे खाते, समाजमाध्यमे, छायाचित्रांचा साठा, कित्येकदा कर आणि विम्याची कागदपत्रे, हे सारे या एका किल्लीला बांधलेले असते.

म्हणून पहिल्या दिवशी ईमेल खात्याच्या सेटिंगमधील सुरक्षेचा विभाग उघडावा आणि तेथून उठू नये. प्रथम पासवर्ड बदलावा, आणि तो असा असावा की जो अन्य कोठेही कधी वापरलेला नाही. त्यानंतर खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला फोन क्रमांक आणि पर्यायी ईमेल पाहावेत. बंद झालेला जुना क्रमांक तेथे राहून गेला असेल, तर तो काही काळाने दुसऱ्याच ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि मग आपल्या खात्याची चावी अनोळखी माणसाच्या खिशात जाते. पुढे, सध्या कोणकोणत्या उपकरणांवर खाते उघडे आहे याची यादी असते. त्यातील विकून टाकलेला फोन, जुन्या कार्यालयातील संगणक आणि ओळखू न येणारी प्रत्येक नोंद काढून टाकावी. शेवटी ईमेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचे नियम आणि फिल्टर तपासावेत. ही तपासणी फार थोडे लोक करतात. खाते हस्तगत केलेला माणूस येथे एक छोटा नियम लिहून ठेवतो, आणि पासवर्ड बदलल्यानंतरही ईमेलच्या प्रती त्याला मिळत राहतात.

पायरी दुसरी: पासवर्ड

पासवर्डाविषयीची मोठी चूक म्हणजे तो सोपा असणे, असे समजले जाते. माझ्या मते त्याहून मोठी चूक म्हणजे एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरणे. एखाद्या किरकोळ संकेतस्थळाची माहिती चोरीला गेली की चोर त्यातील ईमेल आणि पासवर्डांच्या जोड्या घेऊन त्या इतर शेकडो संकेतस्थळांवर स्वयंचलित रीतीने लावून पाहतात. त्यात आपला पासवर्ड कितीही अवघड असला तरी काही फरक पडत नाही, कारण तो कोणी ओळखत बसलेले नसते. तो आयताच हाती आलेला असतो. ड्रॉपबॉक्स या कंपनीच्या २०१२ मधील प्रकरणात एका कर्मचाऱ्याने अन्यत्र वापरलेला पासवर्ड कामाच्या खात्यालाही ठेवला होता. त्या वेळी चोरीस गेलेली ६.८ कोटींहून अधिक खात्यांची माहिती २०१६ मध्ये उजेडात आली. सुरक्षिततेची जाण असलेल्या कंपनीत हे घडू शकते, तर इतरांनी गाफील राहू नये.

सोपेपणाची बाजूही आकड्यांतून पाहण्यासारखी आहे. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून ३.२ कोटी पासवर्ड चोरीला गेले, आणि ते कोणत्याही संरक्षणाविना जसेच्या तसे साठवलेले होते. त्यात सर्वाधिक वेळा आढळलेला पासवर्ड ‘१२३४५६’ हा होता. आता समजा, एखाद्याने केवळ इंग्रजीतील लहान लिपीची आठ अक्षरे वापरून पासवर्ड केला. अशा शक्यतांची एकूण संख्या सुमारे २०,८८२ कोटी भरते आणि ती ऐकायला प्रचंड वाटते. पण कमकुवत पद्धतीने साठवलेली यादी चोराच्या हाती लागली, तर चांगल्या ग्राफिक्स कार्डाच्या साहाय्याने सेकंदाला एक हजार कोटी अंदाज लावता येतात, आणि त्या वेगाने सर्व शक्यता २१ सेकंदांत संपतात. याउलट ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून निवडलेले सहा असंबद्ध शब्द एकापुढे एक लिहिले, तर त्याच वेगाने सर्व शक्यता तपासायला सुमारे सात लाख वर्षे लागतील. मात्र शब्द खरोखर फाशांनी निवडलेले हवेत. आवडत्या कवितेची ओळ किंवा म्हण चालत नाही, कारण तशा ओळींच्या याद्या चोरांकडे तयार असतात.

डझनावारी वेगवेगळे पासवर्ड लक्षात ठेवणे अशक्य आहे आणि तसा प्रयत्नही करू नये. त्यासाठी पासवर्ड मॅनेजर असतो. हा प्रोग्राम प्रत्येक खात्यासाठी लांब आणि निरर्थक पासवर्ड तयार करून कुलूपबंद ठेवतो. आपण फक्त त्याचा मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा. ब्राउझर आणि फोन यांत ही सोय अंगभूत असते, आणि नवख्यासाठी ती पुरेशी आहे. तिचा एक फायदा सहसा सांगितला जात नाही. मॅनेजर पासवर्ड भरण्याआधी संकेतस्थळाचा पत्ता तंतोतंत जुळवून पाहतो, त्यामुळे हुबेहूब बनावट पान समोर आले तर डोळा फसतो, पण मॅनेजर गप्प राहतो. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एके दिवशी भरला गेला नाही, तर तो हाताने टाकण्याची घाई करू नये. आधी पत्ता वाचावा.

ज्यांना मॅनेजरही जड वाटतो, त्यांनी वहीत पासवर्ड लिहून ती कपाटात ठेवली तरी माझी हरकत नाही. दूर देशातला चोर आपले कपाट उघडू शकत नाही. वही घरातच राहावी, एवढे पथ्य पाळावे.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याचा जुना नियम मात्र आता सोडून द्यावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत हा आग्रह मागे घेतला, आणि २००३ मधील मूळ सूचना लिहिणारे बिल बर यांनीही त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. वारंवार बदलायला लावले की लोक जुन्याच पासवर्डाच्या शेवटी एक आकडा वाढवतात, आणि तो ओळखणे अवघड नसते. पासवर्ड फुटल्याचे कळले की मात्र तत्काळ बदलावा. ते कळण्यासाठी ‘हॅव आय बीन पॉन्ड’ हे संकेतस्थळ उपयोगी आहे. ऑस्ट्रेलियातील ट्रॉय हंट यांनी ते २०१३ मध्ये सुरू केले, आणि आपला ईमेल पत्ता कोणत्या उघड झालेल्या चोऱ्यांत आढळतो हे तेथे विनामूल्य पाहता येते.

पायरी तिसरी: दुसरे कुलूप

दोन टप्प्यांची पडताळणी म्हणजे पासवर्डासोबत आणखी एक पुरावा मागणे. ती ईमेल, बँक आणि संदेशांच्या ॲपसाठी आधी सुरू करावी, बाकीची खाती सवडीने घ्यावीत. तिचे प्रकार मात्र सारख्या ताकदीचे नाहीत.

फोनवर लघुसंदेशाने येणारा ओटीपी हा सर्वांत परिचित आणि तुलनेने दुबळा प्रकार आहे. गुन्हेगार मोबाइल कंपनीला फसवून आपला क्रमांक स्वतःच्या सिमकार्डवर वळवून घेऊ शकतो; मग ओटीपी त्यालाच मिळतो. ट्विटरचे तत्कालीन प्रमुख जॅक डॉर्सी यांचे स्वतःचे खाते ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांचा फोन क्रमांक असाच बळकावून हस्तगत करण्यात आले होते. आपल्या फोनचे नेटवर्क अकारण आणि बराच काळ गायब झाले, तर दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीकडे लगेच चौकशी करावी. ऑथेंटिकेटर ॲप यापेक्षा बरे, कारण त्यातील साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलणारा आकडा फोनमध्येच तयार होतो आणि सिमकार्डाशी त्याचा संबंध नसतो. तरीही बनावट पानावर आपण तो आकडा स्वतःच टाइप केला, तर चोर त्याच क्षणी तो खऱ्या पानावर वापरू शकतो.

ही उणीव पासकीने भरून निघते. पासकीत एक गुप्त किल्ली आपल्या उपकरणात किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये असते, ती संकेतस्थळाला कधीच पाठवली जात नाही आणि ती ठरावीक पत्त्यालाच बांधलेली असते. त्यामुळे बनावट पानाला देण्यासारखे आपल्याकडे काही उरतच नाही. खाते पासकी स्वीकारत असेल, तर तीच निवडावी. दुबळा प्रकारही नसल्यापेक्षा चांगलाच असतो, म्हणून केवळ लघुसंदेशाचा पर्याय असेल तर तोही सुरू करावा.

ही सोय सुरू करताना काही राखीव सांकेतिक आकडे मिळतात. ते कागदावर उतरवून महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावेत. फोन हरवल्यावर स्वतःच्याच खात्याबाहेर अडकून पडलेली माणसे थोडीथोडकी नाहीत.

पायरी चौथी: फोन आणि संगणक

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइली कुलूपबंद करून त्या सोडवण्यासाठी पैसे मागितले; ब्रिटनच्या सार्वजनिक रुग्णालयांतील शस्त्रक्रिया आणि तपासण्या त्यामुळे रद्द कराव्या लागल्या. ज्या उणिवेतून ते शिरले, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी प्रसिद्ध केली होती. अपडेट ‘नंतर’ वर ढकलण्याची किंमत काय असू शकते, हे सांगायला यापेक्षा वेगळे उदाहरण नको. फोन, संगणक आणि ब्राउझर यांचे अपडेट आपोआप होतील अशी व्यवस्था करावी. घरातील राउटरचा मूळ पासवर्ड बदलून त्याचेही अपडेट तपासावेत. उत्पादकाने ज्या फोनला सुरक्षा अपडेट देणे थांबवले आहे, त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

ॲप अधिकृत दालनातूनच घ्यावे. संदेशातून आलेली ॲपची फाइल, मग ती बँकेच्या, वीज कंपनीच्या किंवा आमंत्रणपत्रिकेच्या नावाने का असेना, कधीही बसवू नये. ॲप मागते त्या परवानग्यांपैकी दोन विशेष जोखमीच्या आहेत. एक लघुसंदेश वाचण्याची, कारण त्यातून ओटीपी परस्पर वाचता येतो. दुसरी ‘ॲक्सेसिबिलिटी’ या नावाची. ती मूळतः अपंग व्यक्तींच्या सोयीसाठी आहे, पण तिच्या आधारे ॲपला पडद्यावरील मजकूर वाचता आणि आपल्या वतीने बटणेही दाबता येतात. विजेरीच्या ॲपला यातले काहीच लागत नाही.

राहता राहिला बॅकअप. जाणकार ३-२-१ असा नियम सांगतात: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातील एक प्रत अन्य ठिकाणी. बॅकअपची हार्ड डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवू नये, कारण खंडणीखोर सॉफ्टवेअर जोडलेल्या डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद करते.

पायरी पाचवी: फसवणूक ओळखणे

आतापर्यंतची कामे एकदा केली की झाली. हे काम मात्र रोजचे आहे, आणि येथे हुशारीचा फारसा उपयोग होत नाही. जुलै २०२० मध्ये ट्विटरच्या कर्मचाऱ्यांना फोन करून, आपण कंपनीच्याच विभागातून बोलत असल्याचे सांगून, त्यांच्याकडून प्रवेशाची माहिती काढण्यात आली आणि बराक ओबामांसारख्यांच्या खात्यांवरून लोकांकडे बिटकॉइन मागण्यात आले. त्या प्रकरणातील मुख्य सूत्रधार १७ वर्षांचा होता. तंत्रज्ञान माणसाला फसण्यापासून वाचवत नाही. थांबण्याची सवय वाचवते.

पत्ता वाचायला शिकणे हे पहिले कौशल्य. ब्राउझरमधील पत्त्यात सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर जी पहिली एकेरी तिरपी रेघ येते, तिच्या डावीकडचा भागच महत्त्वाचा असतो, आणि तो उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. समजा पत्ता ‘माझीबँक.खातेतपासणी.कॉम’ असा आहे. तर हे पान माझीबँकेचे नसून ‘खातेतपासणी.कॉम’ या नावाच्या मालकाचे आहे, कारण त्याच्या डावीकडचे शब्द मालकाला मनाला येईल तसे लिहिता येतात. शेवटचा प्रत्यय दोन शब्दांचा, म्हणजे ‘को.इन’ किंवा ‘को.यूके’ यांसारखा असेल, तर त्याच्या लगेच आधीचा शब्द पाहावा. कुलपाच्या चिन्हावर विसंबू नये. त्या चिन्हाचा अर्थ इतकाच की आपल्यातील आणि त्या संकेतस्थळातील वाट सुरक्षित आहे. वाटेच्या टोकाला चोर बसला आहे की सज्जन, हे ते सांगत नाही. हा गैरसमज इतका पसरला होता की क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते चिन्हच बदलून टाकले.

फोनवरील फसवणुकीची गोष्ट दरवेळी नवी असते, पण तिचा सांगाडा ठरलेला असतो. बोलणारा अधिकाराच्या खुर्चीतून बोलतो, म्हणजे पोलीस, बँक, कर विभाग किंवा कुरिअर कंपनी. तो काही तरी भयंकर घडल्याचे किंवा घडणार असल्याचे सांगतो, वेळ अगदी थोडा देतो, आणि शेवटी हे कोणालाही सांगू नका असे बजावतो. यातला शेवटचा धागा माझ्या दृष्टीने सर्वांत विश्वासार्ह खूण आहे. खऱ्या कामात कोणतीही बँक आपल्याला घरच्यांशी बोलण्यास मनाई करत नाही. त्यामुळे अशा फोनवर वाद घालू नये, बोलणाऱ्याची परीक्षा घेऊ नये; फोन ठेवावा आणि बँकेच्या कार्डामागे छापलेल्या किंवा अधिकृत कागदपत्रावरील क्रमांकावर स्वतः फोन लावावा. ग्राहक सेवेचा क्रमांक शोध यंत्रात शोधून लावणेही धोक्याचे असते, कारण तेथे बनावट क्रमांक पेरलेले असतात. समोरच्याच्या सांगण्यावरून पडदा दाखवणारे किंवा संगणक दुरून चालवू देणारे ॲप सुरू करणे म्हणजे घराची चावी स्वतःच्या हाताने देणे होय. पैसे आपल्याला मिळणार असतील, तर आपला पिन किंवा ओटीपी कोणाला सांगण्याची गरज कधीच नसते.

आवाज आणि चेहरा यांवरचा विश्वासही आता तपासून घ्यावा लागेल. २०२४ मध्ये उघड झालेल्या एका प्रकरणात अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग येथील कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत वरिष्ठ आणि सहकारी दिसले म्हणून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. ती माणसे कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेली होती. घरात एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवावा, आणि अडचणीत सापडलेल्या नातेवाइकाचा पैशांसाठी फोन आला की तो विचारावा. हे थोडे नाटकी वाटेल, पण खर्च काहीच नाही.

गुंतवणुकीच्या जाळ्यात भीतीऐवजी आशा वापरली जाते आणि घाईऐवजी संयम. अनोळखी व्यक्ती कित्येक आठवडे गप्पा मारते, मग एखाद्या ॲपवर थोडी रक्कम गुंतवायला सांगते, आणि नफ्यासह ती काढूही देते. ती परत मिळालेली पहिली रक्कम हेच आमिष असते. पुढे मोठी रक्कम अडकली की ती सोडवण्यासाठी आधी कर किंवा शुल्क भरा, अशी मागणी येते. याच व्यवहारांची दुसरी बाजू म्हणजे आपले बँक खाते कमिशनवर इतरांना वापरू देण्याचा प्रस्ताव. चोरीचा पैसा फिरवण्यासाठीच ती खाती लागतात, आणि तपास सुरू झाल्यावर पहिले नाव खातेदाराचे निघते.

खासगी छायाचित्रे पसरवण्याची धमकी देऊन पैसे मागितले गेले, तर पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढतेच. संभाषण न पुसता त्याचे पुरावे ठेवावेत, त्या व्यक्तीला प्रतिबंधित करावे आणि विश्वासातल्या एका तरी माणसाला लगेच सांगावे. विशेषतः अल्पवयीन मुलांना हे आधीच सांगून ठेवायला हवे की असे काही घडले तर घरी रागावले जाणार नाही.

ज्याची चिंता थोडी कमी केली तरी चालेल

सार्वजनिक वायफायविषयी जेवढे भय दाखवले जाते, तेवढे आता उरलेले नाही, कारण बहुतेक संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण आता सांकेतिक रूपात होते. ब्राउझरने प्रमाणपत्राचा इशारा दिला तर पुढे जाऊ नये, एवढे पाळले तरी पुष्कळ. व्हीपीएनच्या, म्हणजे आपली इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक रूपात दुसऱ्या संगणकामार्फत नेणाऱ्या सेवेच्या जाहिराती सर्व संकटांवर एकच औषध विकतात, परंतु बनावट पानावर आपणच पासवर्ड टाकला तर व्हीपीएन काहीही करू शकत नाही. संगणकातील अंगभूत संरक्षण चालू आणि अद्ययावत असेल, तर घरगुती वापरासाठी वेगळ्या अँटीव्हायरसची गरज सहसा पडत नाही.

पायरी सहावी: तरीही फसलो तर

पहिला तास मोलाचा असतो, कारण चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरवून बाहेर काढेपर्यंत ती गोठवण्याची संधी असते. म्हणून पैसे गेले असतील तर आधी बँकेला फोन करून कार्ड, खाते आणि ऑनलाइन व्यवहार थांबवावेत व तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा; त्यानंतर लगेच आपल्या देशाच्या सायबर पोलिसांकडे किंवा त्यांच्या मदतवाहिनीवर तक्रार करावी. लाज वाटून दोन दिवस गप्प बसणे हेच बहुतेक वेळा नुकसान पक्के करते.

ज्या उपकरणात संशयास्पद ॲप बसले आहे, त्याचे इंटरनेट बंद करावे आणि पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत, अन्यथा नवा पासवर्डही चोराला दिसेल. क्रम येथेही तोच: आधी ईमेल, मग बँक, मग इतर. प्रत्येक खात्यात ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरावा, कारण केवळ पासवर्ड बदलल्याने आधीच आत असलेला माणूस प्रत्येक वेळी बाहेर पडतोच असे नाही. संदेश, फोन क्रमांक, व्यवहाराचे क्रमांक आणि वेळा यांची छायाचित्रे घेईपर्यंत फोन पुसून नवा करू नये. खंडणीखोर सॉफ्टवेअरने फाइली कुलूपबंद केल्या असतील, तर पैसे देण्याचा विचार करण्यापूर्वी ‘नो मोअर रॅन्सम’ हे संकेतस्थळ पाहावे. युरोपोल ही युरोपीय संघाची पोलीस संस्था, डच पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी ते २०१६ मध्ये सुरू केले, आणि काही प्रकारांसाठी कुलूप उघडणारी साधने तेथे विनामूल्य मिळतात.

आपले खाते हस्तगत झाले असेल, तर परिचितांना दुसऱ्या मार्गाने कळवावे, कारण पुढचा पैसे मागणारा संदेश आपल्याच नावाने त्यांना जाणार असतो. एका आठवड्याने पहिल्या पायरीत सांगितलेली ईमेलची तपासणी पुन्हा करावी, आणि फिल्टर व पर्यायी पत्ते यांत काही नवे शिरले नाही ना हे पाहावे. याच सुमारास आणखी एक फोन येण्याची शक्यता असते. बोलणाऱ्याला आपली किती रक्कम गेली हे अचूक माहीत असते, तो वकील, हॅकर किंवा तपास अधिकारी असल्याचे सांगतो आणि थोडे शुल्क भरल्यास सगळे पैसे परत मिळवून देण्याची हमी देतो. फसलेल्यांच्या याद्या गुन्हेगारांमध्ये विकल्या जातात, आणि हा फोन त्याच यादीवरून आलेला असतो.